वन्यप्राण्याची धडक आणि मोटार विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताडोबा, पेंच, मेळघाट, राधानगरी, कोयना-चांदोली या परिसरांतून जाणाऱ्या रस्त्यांवर किंवा जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात रात्री गाडी चालवणाऱ्यांना समोर अचानक आलेले जनावर नवीन नाही. विदर्भात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर, सह्याद्रीच्या घाटांत गवा आणि भेकर, जुन्नरकडे बिबट्या, एवढाच काय तो फरक. अशा धडकेनंतर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती भारतातील खासगी मोटार आणि दुचाकी यांच्या विम्यापुरती आहेत. विमा कंपन्यांच्या जोड-संरक्षणांच्या (जादा हप्ता भरून घ्यायच्या ‘ॲड-ऑन’च्या) अटी वेगवेगळ्या असतात, त्यामुळे आपल्या पॉलिसीची प्रत शेजारी ठेवून ही उत्तरे वाचावीत.

१. रानडुक्कर, हरीण किंवा रोही गाडीवर आदळले तर गाडीच्या नुकसानीचा विमा मिळतो का?

मिळतो, मात्र पॉलिसीत ‘ओन डॅमेज’ म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असला पाहिजे. या भागात आग, चोरी, पूर, भूकंप, दरड कोसळणे अशी कारणे एकामागून एक दिलेली असतात आणि त्यांतच ‘अपघाती बाह्य कारण’ हेही एक कारण असते. वन्यप्राण्याची धडक याच शब्दांत बसते. प्राण्याचे नाव पॉलिसीत कुठेही सापडत नाही म्हणून अनेक जण घाबरतात, पण झाड, कठडा किंवा दुसरी गाडी यांचीही नावे तेथे नसतात. कंपनी प्राणी कोणता हे पाहत नाही. पॉलिसीत हा भाग आहे का आणि धडकेनंतर गाडीचे काय केले गेले, हे ती पाहते.

केवळ ‘थर्ड पार्टी’ पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १४६ नुसार ही पॉलिसी सक्तीची आहे, पण ती आपल्या गाडीमुळे इतरांचे जे नुकसान होते त्यासाठी असते.

२. गाडी घेताना मी तीन वर्षांचा विमा काढला होता. मग दुसऱ्या वर्षी क्लेम का नाकारला?

सर्वांत जास्त मनस्ताप याच गैरसमजातून होतो, म्हणून हे उत्तर सावकाश वाचावे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या खासगी मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. मात्र त्याच कागदावरचा ओन डॅमेजचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. शोरूममध्ये चावी हातात पडते, ‘तीन वर्षे बघायला नको’ असे कोणीतरी सांगते आणि बारा महिन्यांनंतर गाडीचे स्वतःचे संरक्षण मुकाट्याने संपते. कागद मात्र वैधच दिसतो. पोलिसांनी अडवले तरी तो चालतो, त्यामुळे उणीव कळते ती थेट अपघातानंतर.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर विम्याच्या मुदतीचे दोन वेगळे कालावधी छापलेले असतात. ओन डॅमेजसमोरची तारीख उलटून गेली असेल, तर १ सप्टेंबर २०१९ पासून मिळू लागलेली स्वतंत्र ओन डॅमेज पॉलिसी घेता येते. ती कोणत्याही कंपनीची चालते. थर्ड पार्टी विमा ज्या कंपनीचा आहे तिच्याकडूनच ती घेतली पाहिजे असे बंधन नाही.

३. धडक झाल्यावर तिथल्या तिथे काय करावे?

आधी माणसे पाहावीत. कोणाला लागले असल्यास ११२ वर फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे. गाडी शक्य तितकी कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत. प्राणी जखमी अवस्थेत पडलेला असेल तर त्याच्या जवळ जाऊ नये. जखमी रानडुक्कर किंवा बिबट्या शेवटचा जोर लावून अंगावर येऊ शकतो, आणि पडलेले हरीणसुद्धा पाय झाडून माणसाला जबर जखमी करू शकते. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर प्राण्याची माहिती द्यावी. तो जिवंत असेल तर त्याला लवकर मदत मिळण्याचा तोच मार्ग आहे, आणि हा फोन केवळ क्लेमच्या कागदांसाठी करायचा नसतो.

त्यानंतर फोटो काढावेत: गाडी जागेवर असताना चारही बाजूंनी, रस्त्यावरचा जवळचा किलोमीटरचा दगड किंवा फलक, ब्रेकच्या खुणा आणि सुरक्षित अंतरावरून प्राणी. मग विमा कंपनीला कळवून क्लेमचा क्रमांक घ्यावा. पॉलिसीच्या पहिल्याच अटीत अपघाताची सूचना ‘ताबडतोब’ द्यावी असे म्हटलेले असते, त्यामुळे सकाळपर्यंत थांबण्याची गरज नाही. मोबाइलला रेंज नव्हती किंवा रुग्णालयात जावे लागले अशा खऱ्या कारणाने उशीर झाला असेल, तर ते कारण लेखी द्यावे. केवळ उशीर झाला म्हणून यांत्रिकपणे क्लेम फेटाळू नये, असे विमा नियामक आयआरडीएआयने २०११ मध्येच कंपन्यांना बजावले आहे.

गाडी पुढे चालवावी की नाही, यासाठी प्रश्न ४ पाहावा.

४. धडकेनंतर गाडी चालू होत होती, म्हणून घरापर्यंत चालवत आणली. आता इंजिनचा खर्च कंपनी देत नाही. हे योग्य आहे का?

दुर्दैवाने बहुतेक वेळा कंपनीची बाजू बरोबर ठरते. अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता वाहन चालवल्यास वाढलेले नुकसान विमाधारकाच्या जोखमीवर राहील, अशी स्पष्ट अट पॉलिसीत असते. बंपर, रेडिएटर आणि बॉनेट हे धडकेचे नुकसान असते, त्यामुळे त्याचे पैसे मिळतात. रेडिएटर फुटल्यावर कूलंटशिवाय चालवल्यामुळे इंजिन जाम झाले तर तो नंतरचा परिणाम मानला जातो.

मी स्वतः ही चूक केली आहे. चंद्रपूरकडच्या रस्त्यावर रात्री रानडुक्कर डावीकडून आले आणि बंपरच्या खालच्या कडेवर आदळले. वरून पाहता नंबर प्लेट वाकली होती, एवढेच दिसत होते. दिवे लागत होते, गाडी सुरू झाली आणि त्या अंधारात थांबायची भीती वाटत होती, म्हणून मी पुढे निघालो. काही किलोमीटरवर तापमानाचा काटा लालमध्ये गेला. खाली उतरलो तेव्हा बंपरखाली हिरवट पाणी ठिबकत होते आणि कूलंटचा तो गोडसर वास येत होता. गाडी तिथेच बंद केली म्हणून केवळ हेड गॅस्केटवर निभावले, पण त्याचे पैसे मला स्वतःच्या खिशातूनच द्यावे लागले.

म्हणून थांबलेल्या ठिकाणी मोबाइलचा प्रकाश पाडून गाडीच्या पुढच्या भागाखाली पाहावे. कुठलेही पाणी किंवा तेल ठिबकत असेल, पंखा घासल्याचा आवाज येत असेल किंवा डॅशबोर्डवर लाल दिवा असेल, तर इंजिन सुरू करू नये आणि गाडी टो करून न्यावी. मानक पॉलिसीत खासगी मोटार हलवण्यासाठी १,५०० रुपयांपर्यंत खर्च मिळतो. जंगलातल्या रस्त्यांवर तो अपुरा पडतो, त्यामुळे अशा भागात नेहमी जाणाऱ्यांनी रस्त्यावरील साहाय्याचे जोड-संरक्षण घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जागा धोक्याची असेल तर गाडी थोडी पुढे सुरक्षित जागी घेणे समर्थनीय आहे. तसे केल्यास का आणि किती अंतर नेली हे क्लेम अर्जात लिहावे. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे संरक्षण अशा वेळी उपयोगी पडेल असे गृहीत धरू नये. अनेक कंपन्यांच्या अटींत नुकसान दिसत असूनही गाडी चालवत राहणे वगळलेले असते.

५. क्लेमसाठी एफआयआर लागतो का?

फक्त आपल्या गाडीचे नुकसान झाले असेल आणि कोणाला इजा नसेल, तर साधारणपणे लागत नाही. माणूस जखमी झाला, मृत्यू झाला किंवा दुसऱ्याच्या वाहनाचे नुकसान झाले, तर पोलिसांकडे नोंद आवश्यक ठरते. वन्यप्राणी मेला असेल तर वन विभागाला किंवा पोलिसांना कळवावे. त्यांचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत मागून घ्यावी, कारण अपघात कसा झाला याचा त्याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

६. प्राणी मेला तर माझ्यावर गुन्हा दाखल होईल का, आणि मग क्लेम मिळणार नाही का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्यप्राण्याला ठार मारणेही येते, त्यामुळे धडकेत प्राणी मेल्यास वन विभाग चौकशी करू शकतो आणि गुन्हाही नोंदवू शकतो, विशेषतः संरक्षित क्षेत्रात किंवा बेदरकार वेगाचा संशय असेल तेव्हा. खरा अपघात झालेल्या चालकाच्या दृष्टीने सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे पळून जाणे, आणि त्याहून वाईट म्हणजे प्राणी गाडीत घालून नेणे. मेलेला वन्यप्राणी कलम ३९ नुसार सरकारी मालमत्ता ठरतो. त्याचे मांस, शिंगे, नखे काहीही घेतले की अपघाताचे रूपांतर गंभीर गुन्ह्यात होते.

चौकशी सुरू आहे एवढ्यावरून ओन डॅमेजचा क्लेम आपोआप रद्द होत नाही. न्यायालयाने केलेला दंड मात्र विमा कंपनी भरत नाही.

७. प्राणी पळून गेला. धडक प्राण्याचीच होती हे सिद्ध कसे करायचे?

गाडी धुऊ नये. बहुतेक जण सकाळी उठून पहिली गोष्ट हीच करतात, कारण रक्ताचे डाग पाहवत नाहीत. पण जाळीत अडकलेले केस, नंबर प्लेटच्या स्क्रूला चिकटलेला राठ केसांचा झुपका, चिखलाचा किंवा रक्ताचा ओघळ हेच सर्व्हेअरला, म्हणजे कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या माणसाला, हवे असते. डॅशकॅमचे चित्रण असेल तर ते लगेच वेगळे साठवून ठेवावे, कारण जुन्यावर नवे चित्रण चढत जाते.

नुकसानीची उंचीही पुष्कळ सांगते. रानडुक्कर बुटके असते, त्यामुळे बंपरचा खालचा भाग, रेडिएटर आणि खालची झाकणे जातात. रोह्याचे पाय उंच असतात. गाडी पायांना लागते आणि धड बॉनेटवरून थेट समोरच्या काचेवर येते. जबाबात रानडुक्कर लिहिले आणि नुकसान छताच्या कडेला असेल, तर सर्व्हेअर प्रश्न विचारणारच. म्हणून जे दिसले तेवढेच लिहावे. ‘अंधारात मध्यम आकाराचे जनावर, ओळखता आले नाही’ असे प्रामाणिक वाक्य पूर्णपणे चालते, आणि ओन डॅमेजमध्ये प्राण्याच्या ओळखीवर पैसे अवलंबून नसल्यामुळे अंदाजाने नाव घालण्याची गरजही नसते.

८. प्राण्याला वाचवताना गाडी झाडावर आदळली, प्राण्याला स्पर्शही झाला नाही. तरीही क्लेम मिळतो का?

हो. झाडाची धडकही अपघाती बाह्य कारणच आहे. इंटरनेटवर अमेरिकेतील माहिती वाचून अनेकांचा येथे गोंधळ होतो. तिकडे प्राण्याची धडक आणि इतर धडक यांची संरक्षणे वेगवेगळी विकली जातात, त्यामुळे स्पर्श झाला की नाही याला महत्त्व येते. आपल्याकडे दोन्ही एकाच भागात येतात, म्हणून प्राणी आदळला असे खोटे सांगण्याचे काहीच कारण नसते, आणि खोटे उघडे पडले तर पूर्ण क्लेम जातो.

चुकवताना समोरच्या गाडीला धडक बसली तर त्या गाडीचे आणि माणसांचे नुकसान आपल्या थर्ड पार्टी भागातून जाते. चालक म्हणून एवढेच सांगेन की आपल्या लेनमध्ये राहून जोरात ब्रेक दाबणे हे स्टिअरिंग एकदम फिरवण्यापेक्षा बहुतेक वेळा सुरक्षित असते.

९. दुरुस्तीचे पूर्ण पैसे मिळतात का?

शून्य घसाऱ्याचे म्हणजे ‘झिरो डेप’ संरक्षण नसेल तर नाही. घसारा म्हणजे भाग जुना झाल्यामुळे कमी धरलेली त्याची किंमत. प्लॅस्टिक, रबर, नायलॉनचे भाग, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापला जातो, फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांवर तो वयानुसार वाढतो: सहा महिन्यांपर्यंत शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के.

समजा, गाडी साडेतीन वर्षांची आहे. बंपर ८,००० रुपयांचा असेल तर ४,००० मिळतात, १२,००० च्या बॉनेटचे ९,००० आणि ७,००० च्या समोरच्या काचेचे पूर्ण ७,०००. एकूण २०,००० मधून सक्तीची वजावट जाते. ती १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० आणि त्यावर २,००० रुपये असते. मजुरीवर घसारा नसतो, रंगाच्या साहित्यावर असतो. आजच्या गाड्यांचा पुढचा भाग जवळजवळ सगळा प्लॅस्टिकचा असतो आणि प्राणी आदळतो तोही पुढूनच. म्हणून जंगलालगत राहणाऱ्यांना मी हे संरक्षण घ्यायला आग्रहाने सांगतो.

टायरचे पैसे गाडीचेही त्याच वेळी नुकसान झाले असेल तरच मिळतात, तेही निम्मे.

१०. नुकसान थोडे आहे. क्लेम करावा की खिशातून भरावे?

हिशेब करून ठरवावे. क्लेम केला की नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. समजा, ओन डॅमेजचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के, म्हणजे आपण ६,००० भरता. क्लेमनंतरच्या वर्षी १२,००० भरावे लागतील. पुढे बोनस २०, २५, ३५, ४५ असा चढत जातो, त्यामुळे ९,६००, ९,०००, ७,८०० आणि ६,६०० भरून मगच पुन्हा ६,००० वर याल. हप्ता तोच राहिला असे धरले तरी पाच वर्षांत एकूण १५,००० रुपये जास्त जातात. प्रश्न ९ प्रमाणे वजावट होऊन हातात १०,००० येणार असतील, तर तो क्लेम तोट्याचा आहे. बोनस २० टक्केच असेल किंवा बोनस-संरक्षण घेतलेले असेल, तर उत्तर उलटे येऊ शकते. मात्र कूलंट गळत असेल किंवा गाडीचा सांगाडा वाकल्याचा संशय असेल, तर नुकसान ‘थोडे’ आहे असे गॅरेजने उघडून पाहिल्याशिवाय मानू नये.

११. गाडीतल्या माणसांना लागले तर काय?

मालक स्वतः चालवत असेल तर १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण लागू होते. ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असते, रुग्णालयाच्या बिलासाठी नव्हे. मालकाकडे वैध परवाना असणे आवश्यक आहे.

सर्वसमावेशक (ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी हे दोन्ही भाग असलेली) पॉलिसी असलेल्या खासगी मोटारीतील प्रवासी आणि दुचाकीवरील मागे बसणारी व्यक्ती यांच्याबाबतची जबाबदारी त्या पॉलिसीत येते, आणि भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. दुचाकीस्वारांसाठी हे फार महत्त्वाचे आहे, कारण जनावर आडवे आले की पडणारे बहुतेकदा दोघे असतात.

१२. गाय, म्हैस किंवा कुत्रा आडवा आला तर नियम वेगळे आहेत का?

आपल्या गाडीसाठी अजिबात नाहीत. फरक एवढाच की पाळीव जनावराला मालक असतो. चूक आपली असेल तर तो जनावराची भरपाई मागू शकतो, आणि ती मालमत्तेचे नुकसान म्हणून थर्ड पार्टी भागात येते. रस्त्यावरच रोख रक्कम देऊन मिटवण्याची वेळ आली, तर ती रक्कम कंपनी नंतर परत करत नाही. कंपनीच्या संमतीशिवाय तडजोड करू नये, अशी पॉलिसीतच अट असते.

१३. उभ्या गाडीवर माकडांनी उड्या मारून छत चेपले, वायपर मोडले. हे चालते का?

चालते, गाडी उभी असणे हा अपवाद नाही. खर्च किरकोळ असेल तर प्रश्न १० चा हिशेब आधी करावा. उंदरांनी वायरी कुरतडल्याच्या क्लेमबाबत मात्र कंपन्यांची भूमिका एकसारखी नाही: काही अपघाती कारण मानून देतात, काही झीज म्हणून वाद घालतात. वायरी बदलण्यापूर्वी सर्व्हेअरला दाखवाव्यात.

१४. वेग जास्त होता किंवा गाडी मित्र चालवत होता, तर?

वेगमर्यादा ओलांडणे हे मानक पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत नाही. मद्य किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली चालवणे, वैध परवाना नसणे आणि खासगी गाडी भाड्याने वापरणे मात्र आहे. मित्राकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना असेल आणि तो आपल्या परवानगीने चालवत असेल, तर ओन डॅमेज क्लेमला अडचण नाही. पर्यटकांना पैसे घेऊन जंगलाकडे नेणाऱ्या पांढऱ्या पाटीच्या गाड्या या कलमात हमखास अडकतात.

१५. वन विभाग गाडीची भरपाई देतो का?

महाराष्ट्रातील वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीच्या भरपाईची रचना मुख्यतः माणूस, पाळीव जनावरे आणि शेतीचे नुकसान यांच्यासाठी आहे. गाडीच्या दुरुस्तीसाठी तिच्यावर विसंबू नये.

१६. क्लेम नाकारला किंवा फार कापला. पुढे काय?

प्रथम नकाराचे कारण लेखी मागावे आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत घ्यावी. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्याची कार्यालये आहेत, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नसतो. तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो.

१७. धडक झाली तेव्हा पॉलिसी संपून दोनच दिवस झाले होते. नव्वद दिवसांची सवलत असते ना?

ते नव्वद दिवस फक्त नो क्लेम बोनस टिकवण्यासाठी असतात. त्या काळात संरक्षण नसते, त्यामुळे या धडकेचे पैसे मिळणार नाहीत. नवी पॉलिसी घेताना कंपनी आधी गाडीची तपासणी करते. त्या वेळी वाकलेला बंपर लपवू नये. तो जुने नुकसान म्हणून नोंदला जाईल आणि दुरुस्त करून पुन्हा तपासणी होईपर्यंत तेवढा भाग संरक्षणाबाहेर राहील.